तीन सिनेमे, शेरा एकच

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही डोंबिवलीला राहता, नोकरी फोर्टात, आठवड्याला दोन-तीन सिनेमे बघता आणि बघून झाल्यावर मित्रांच्या ग्रुपवर चार ओळी टाकता. ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’, ‘स्थळ’ आणि ‘साबर बोंडं’ असे तीन सिनेमे तुम्ही पाहिलेत आणि तिन्हींबद्दल जवळपास तेच लिहिलंत: ‘संथ पण सुंदर, एकदा बघायलाच हवा.’ त्यावर एका मित्राने विचारलं, ‘हे तिन्ही एकच सिनेमा आहेत का रे?’ ते तुम्हाला लागलं. आता तुम्ही विचारताय की आपल्याला सिनेमा कळत नाही का, परीक्षण वाचलं की आपलं मत त्याच्यासारखं का होतं, स्वतःचं मत व्हायला कॅमेऱ्याबिमेऱ्याचं शिक्षण घ्यायला हवं का, आणि मागच्या तीन शेऱ्यांचं आता काय करायचं.

मित्र खवचट आहे, पण प्रश्न बरोबर विचारलाय त्याने. आणि हो, मला मॅडम म्हणू नका. मी संकलक आहे, अंधेरी ते गोरेगावच्या पट्ट्यातल्या निरनिराळ्या अंधाऱ्या खोल्यांत बावीस वर्षं बसलेय. लोकांच्या मतांचं काय करायचं हा माझ्यासाठी रोजच्या कामाचा प्रश्न आहे, त्यामुळे उत्तरही तिथूनच देते.

रफ कट, म्हणजे सिनेमाची पहिली कच्ची जोडणी, तयार झाला की आम्ही तो स्क्रिप्ट न वाचलेल्या पाच-सात जणांना दाखवतो. एडिट रूममध्ये तेवढेच मावतात. त्यात दिग्दर्शकाचा एखादा शाळेतला मित्र असतो, कुणाची मावशी असते, एकदा तर मी खालच्या चहावाल्यालाच वर बोलावलं होतं. सुरुवातीच्या काळात सिनेमा संपला की मी दिवे लावून विचारायचे, ‘कसा वाटला?’ उत्तर ठरलेलं: ‘छान आहे, थोडा लांबलाय.’ आता या वाक्याचं मी करू काय? कात्री लावू कुठे? ज्यांच्या हाताखाली मी पहिली चार वर्षं निव्वळ फाइलींना नावं देण्यात घालवली, ते माझे गुरू एकदा वैतागून म्हणाले, ‘अगं, लोकांना मत कसलं विचारतेस? जागा विचार.’

तेव्हापासून मी पडद्याकडे पाठ करून, भिंतीला टेकून बसते आणि माणसं बघते. कुणाचा फोन उजळला, कुणी पाय बदलला, कोण हसायला हवं तिथे हसलं नाही, हे मिनिटासकट टिपते. नंतर विचारते, ‘सत्तेचाळिसाव्या मिनिटाला तुम्ही घड्याळ बघितलंत, तेव्हा काय चाललं होतं डोक्यात?’ मग माणूस खरं बोलतो. ‘छान’ वगैरे सगळं बाजूला राहतं आणि तो सांगतो, ‘ती बाई त्या घरी का गेली तेच कळेना, म्हणून लक्ष उडालं.’ याचा मला उपयोग होतो.

याच बाबतीतला एक किस्सा सांगते, सिनेमाचं नाव नको. मध्यंतरानंतरची वीस मिनिटं रेंगाळतात असं निर्मात्यापासून ऑफिसबॉयपर्यंत सगळे म्हणत होते. ‘जरा टाइट करा ना!’ आम्ही केलं टाइट. तीन सीन छाटले, दोन अर्धे केले, वीसची तेरा मिनिटं झाली. पुन्हा दाखवलं तर लोकांना ती तेरा मिनिटं आधीच्या वीसपेक्षा लांब वाटली! चार रात्री डोकं फुटायची वेळ आली. शेवटी सापडलं ते असं की पहिल्या अर्ध्या तासात आम्हीच एक चाळीस सेकंदांचा तुकडा उडवला होता, ज्यात त्या मुलीला आपल्या भावाची जुनी वही सापडते. वही गेली, त्यामुळे मध्यंतरानंतर ती गावोगाव का हिंडतेय हे कुणाला कळेना, आणि न कळलेलं सगळं माणसाला लांबलेलं वाटतं. वही परत आणली, छाटलेले सीनही परत टाकले, आणि ‘लांबलाय’ म्हणणारा एकही उरला नाही. प्रेक्षकाला जिथे दुखतं तिथेच जखम असते असं नाही, पण दुखतं हे मात्र खरं असतं.

तुमचं दुखणं मला इथे सापडतं. मत तुमच्याकडे आहे, पण सिनेमा संपल्या संपल्या तुम्ही निकाल लावायला बसता, आणि निकालाचे शब्द तयारच असतात: संथ, सुंदर, वास्तववादी, हृदयस्पर्शी. हे शब्द कुठल्याही सिनेमाला लागतात, म्हणूनच ते कुणाकडूनही उचलता येतात. परीक्षण वाचून तुमचं मत बदलतं असं तुम्ही म्हणता, पण बदलायला आधी काहीतरी ठरलेलं असावं लागतं. तुमची जागा रिकामी होती, तिथे दुसऱ्याचा शब्द येऊन बसला.

मी स्वतः काय करते ते सांगते, अगदी साधं आहे. दादरला प्लाझात सिनेमा बघून बाहेर पडलं की स्टेशनपर्यंत चालायला मला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत फोन बाहेर काढत नाही आणि बरोबर कुणी असेल तर त्याला ‘कसा वाटला?’ विचारू देत नाही (भाचीने याला मौनव्रत असं नाव ठेवलंय). गर्दीतून वाट काढत फक्त आठवायचं, की कुठली चित्रं आपोआप वर येतायत. तीन-चारच येतात. प्लॅटफॉर्मवर उभी राहून ती वहीत लिहिते: काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, आणि मला काय झालं. ‘का झालं’ हे घरी गेल्यावर. आवडला की नाही, हे कधीकधी आठवडाभरानंतर, आणि कधीकधी लिहायची गरजही पडत नाही.

आता यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय की पायल कपाडियाचा सिनेमा, म्हणजे तुमच्या तिन्हींतला पहिला, तुम्ही ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये मोबाइलवर पाहिलात आणि बाकीचे दोन थिएटरात. मग तिन्हींना एकच माप लावू नका. त्या सिनेमाचा पहिला भाग म्हणजे मुंबईची पावसाळी रात्र आहे, निळसर काळोख, खिडक्यांचे दिवे, ट्रेन. डिजिटल प्रोजेक्शनसाठी पडद्याच्या उजेडाचं मानक 14 फूट-लॅम्बर्ट आहे (फूट-लॅम्बर्ट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक). हा उजेड तसा मंदच, म्हणून तर हॉल काळोखा लागतो, आणि रंगांचं काम करणारे लोकही काळोख्या खोलीत बसूनच त्या छटा ठरवतात. सकाळी साडेनऊच्या उन्हात, काचेवर स्वतःचाच चेहरा आणि मागच्या माणसाचा खांदा दिसत असताना, त्या निळ्याचा चिखल होतो. तुम्हाला तो भाग ‘जरा डल’ वाटला असं तुम्ही लिहिलंय. तो डलपणा ठाणे ते घाटकोपरच्या गर्दीचा असू शकतो. त्याबद्दल मत देण्याआधी तो सिनेमा तुम्हाला एकदा नीट बघावा लागेल, दुसरा इलाज नाही.

मध्यंतराचंही तसंच. आपल्याकडे बनणाऱ्या बहुतेक सिनेमांत आम्ही इंटरव्हल पॉइंट ठरवून बांधतो, त्याच्या आधीचा सीन चढता ठेवतो. महोत्सवांच्या वाटेने आलेल्या सिनेमात तसा सांधा नसतो. थिएटरवाले अंदाजाने थांबवतात आणि पॉपकॉर्नच्या रांगेतून परत येईपर्यंत तुमचा श्वास वेगळा झालेला असतो. मध्यंतरानंतरची दहा मिनिटं ‘पकड सुटते’ असं वाटलं तर ती दहा मिनिटं सिनेमाच्या खात्यावर लिहू नका.

पोट, झोप, बरोबर कोण होतं, हे सगळं मोजावं लागतं. महोत्सवात दिवसाला पाच सिनेमे बघितल्यावर पाचव्याबद्दल मी कधीच काही बोलत नाही.

आता तुमच्या ‘संथ’कडे येते, कारण सगळी गोम तिथे आहे. एडिट रूममध्ये ‘संथ’ हा शब्द चालत नाही. पुढचा प्रश्न येतोच: संथ म्हणजे शॉट लांब आहेत, की माहिती उशिरा मिळतेय, की तेच तेच पुन्हा येतंय, की पात्रालाच कुठे जायचं नाहीये? चारही ठिकाणी घड्याळ सारखं चालतं, पण बघणाऱ्याच्या अंगात वेगळं काहीतरी होतं. तुमचे तीन सिनेमे यातल्या तीन वेगवेगळ्या जातींचे आहेत.

‘स्थळ’ खरं तर संथ नाहीच. जयंत सोमलकरने एका गोष्टीची आवृत्ती केलीय. विदर्भातल्या गावातली सविता, बघायला पाहुणे येतात, ती खाली मान घालून बसते, आणि प्रश्न: नाव काय, उंची किती, शिक्षण काय, आवड कशाची. मग नकार. मग नवे पाहुणे, तेच प्रश्न. दुसऱ्या खेपेला थिएटरात लोक हसले होते, मीही हसले. नंतरच्या खेपांना हसणं कमी कमी होत गेलं, आणि पुढे पुढे माझ्या शेजारच्या बाई पाहुण्यांच्या आधीच प्रश्न पुटपुटायला लागल्या. हा कंटाळा दिग्दर्शकाने मागून घेतलेला आहे, कारण सविताला तो आपल्याआधीपासून आलाय. आणि सुरुवातीचा तो उलटा कार्यक्रम आठवा, स्वप्नातला, जिथे बायका बसून मुलाला प्रश्न विचारतात. तो एकदाच येतो आणि विनोद वाटतो. खरा कार्यक्रम पुन्हा पुन्हा येतो, त्याला मात्र आपण रीत म्हणतो. मला यात काय खटकलं तेही सांगते: कॉलेजात स्त्रियांच्या सक्षमीकरणाचे धडे आणि घरी पाहुण्यांपुढे पोहे, हा विरोध फार ठळक पेनाने अधोरेखित केलाय. पोह्यांची बशीच पुरेशी होती.

‘साबर बोंडं’मध्ये आवृत्ती नाही, तिथे थांबणं आहे. वडील गेले म्हणून आनंद मुंबईहून गावी येतो आणि दहा दिवस अडकतो. सुतकात माणूस करणार काय? बसणार. नातेवाईक येणार, लग्नाचं विचारणार, हा गप्प. रोहन कानवडे कॅमेरा लावून ठेवतो आणि बराच वेळ हलवत नाही. संकलक म्हणून अशा शॉटची मला भीती वाटते, कारण लपायला जागा नसते. एखादा क्षण पडला तर दुसऱ्या अँगलवर उडी मारता येत नाही. पण त्या न हलणाऱ्या चौकटीमुळे एक गोष्ट साधते. आनंद आणि त्याचा गावातला बालमित्र बाळ्या चारचौघांत शेजारी शेजारी असतात, त्यांना काही बोलता येत नाही आणि सिनेमाही कापून त्यांच्या चेहऱ्यांजवळ जात नाही. आपणच मग पडद्यावर शोधायला लागतो, कोण कुणाकडे बघतंय, हात कुठे आहे. म्हणजे जे गावाने बघायला नको असं त्या दोघांना वाटतंय, तेच आपण चोरून बघायला लागतो. मी हे बघताना खुर्चीत पुढे सरकले होते. संथ सिनेमात माणूस पुढे सरकतो का? आणि त्यातली आई! तिला सगळं ठाऊक आहे आणि ती नातेवाइकांपुढे पोराची बाजू सावरत राहते, भाषण न देता. माझ्या वहीत त्या रात्री पहिली ओळ आईचीच होती.

आणि मग ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’. यातला वेग थकलेल्या माणसाचा आहे. सुरुवातीलाच शहर धावताना दिसतं, रात्रीचा बाजार, ट्रेन, आणि वेगवेगळ्या भाषांतले आवाज मुंबईत येण्याबद्दल, राहण्याबद्दल बोलतात, पण ज्यांचे आवाज ते कोण हे आपल्याला दिसत नाही. सगळ्या सिनेमातलं मला सर्वांत जास्त आवडलेलं संकलन तेच, आणि ते अजिबात संथ नाही. त्या धावपळीतून मग एक नर्स वेगळी होते, प्रभा, आणि तिच्याजवळ आलो की वेळ उतरतो. ड्यूटीवरून आल्यावर साडी बदलायलाही जीवावर येतं ना, तसा.

तो कुकरचा सीन बघा. नवरा जर्मनीत, फोन येत नाही, आणि एक दिवस पार्सलमधून लाल राइस कुकर येतो. बरोबर चिठ्ठी नाही. रात्री ती जमिनीवर बसून तो कुकर ओढून घेते आणि मिठी मारते, हातांनी, पायांनी. संवाद नाही. आता माझ्यासमोर टाइमलाइनवर हा शॉट असता तर प्रश्न एकच होता, कापायचं कधी. लवकर कापला तर तो विनोद होतो: बाई कुकरला मिठी मारतेय! उशिरा कापला तर करुण रस ओतल्यासारखं होतं. मधे कुठेतरी एक जागा असते, जिथे हसू येऊन गेलेलं असतं आणि आपल्याला हसल्याची लाज वाटायला सुरुवात झालेली असते. शॉट तिथपर्यंत धरलाय. ‘संथ’ म्हणून जे आपण उडवून लावतो ते पुष्कळदा हे असतं, कुणीतरी मोजून धरलेला श्वास.

तुमच्या प्रश्नात तुम्ही जाता जाता लिहिलंय की हाच सीन तुम्ही घरी टीव्हीवर पुन्हा लावला तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘कुकर पाठवला, मग दोन ओळी लिहायला हात मोडला होता का मेल्याचा!’ आणि त्यापुढे कंसात तुम्ही लिहिलंय, ‘आईला असल्या सिनेमातलं काही कळत नाही.’ अहो! तुमच्या अख्ख्या लिखाणातलं एकमेव मत ते आहे. तिने जागा पकडली, जे नाही ते पाहिलं, म्हणजे चिठ्ठी, आणि तिला राग आला. दिग्दर्शिकेने चिठ्ठी मुद्दाम ठेवलेली नाही, ते रिकामेपण तुमच्या आईला एका मिनिटात दिसलं. तुम्हाला ‘सुंदर’ दिसलं. ग्रुपवर टाकायचं होतं ते हे.

यातून तुमच्या तंत्राच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. शिकलात तर आनंद वाढेल, पण मत व्हायला ते लागत नाही. उलट अर्धवट शिकलेल्या शब्दांनी नुकसानच होतं. ‘सिनेमॅटोग्राफी अप्रतिम’ लिहिणारे दहातले आठ जण समुद्र किंवा डोंगर चांगला दिसला एवढंच म्हणत असतात. ‘अभिनय नैसर्गिक’ हे तर मी वाचायचंच सोडलंय. तुम्ही बघितलेला अभिनय हा तीन-चार टेकमधून, कधीकधी एका टेकचा आवाज आणि दुसऱ्याचा चेहरा असा जोडून तुमच्यापर्यंत आलेला असतो. त्यापेक्षा लिहा की याच कुकरवाल्या सिनेमात प्रभाची मैत्रीण पार्वती हिच्या भूमिकेत छाया कदम आल्याबरोबर तुम्हाला हायसं वाटलं का. मला वाटलं. आणि मग मी स्वतःला विचारलं की हे पार्वतीमुळे की ‘सैराट’मधल्या सुमनअक्कामुळे, ‘लापता लेडीज’मधल्या मंजू माईमुळे? तो विश्वास मी घरूनच घेऊन आले होते. म्हणून पार्वतीला कागद नाहीत या कारणावरून बिल्डर घराबाहेर काढतो आणि ती व प्रभा रात्री त्याच्या फलकावर दगड मारतात, तेव्हा मला एवढं बरं वाटलं. हे प्रामाणिक मत झालं, आणि त्यात तंत्राचा एकही शब्द नाही.

पुरस्कारांच्या दडपणाबद्दल थोडक्यात. पायल कपाडियाच्या सिनेमाला 2024 च्या कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, मिळालं, तिथल्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय सिनेमा होता, ‘साबर बोंडं’ला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ज्यूरीचं मोठं पारितोषिक मिळालं. अभिमान वाटायलाच हवा. पण कानची ती ज्यूरी नऊ माणसांची होती, आणि त्याच वर्षी आपल्या इथल्या निवड समितीने ऑस्करसाठी दुसरा सिनेमा पाठवला. एका खोलीत बसलेल्या काही माणसांना एक वाटलं, दुसऱ्या खोलीतल्यांना दुसरं. तुम्ही तिसऱ्या खोलीत आहात, डोंबिवलीच्या. परीक्षणं जरूर वाचा, मी पण वाचते, फक्त वहीत स्वतःच्या चार ओळी लिहून झाल्यावर. मग ती वाचायला मजा येते, कारण भांडता येतं.

सगळ्यांना आवडलेलं आपल्याला नाही आवडलं तर? तर तसं लिहा, फक्त जागा दाखवा. मला पायल कपाडियाच्या सिनेमात प्रभाबरोबर राहणारी तरुण नर्स अनू आणि तिचा प्रियकर शियाझ यांचा धागा प्रभाच्या मानाने पातळ वाटला. रत्नागिरीकडे गेल्यावर बुडालेल्या माणसाला प्रभा वाचवते आणि मग त्याच्याशी नवऱ्याशी बोलावं तसं बोलते, तिथे माझ्या दोन मैत्रिणी रडल्या, मी नाही रडले. मी तिथे हिशेब करत बसले की हे खरं चाललंय की तिच्या मनात. हा माझा दोष असू शकतो. धंद्याने डोकं बिघडतं, कट मोजत बसायची खोड लागते.

आणि मत चुकतंच. माझं ‘कोर्ट’च्या बाबतीत सपशेल चुकलं होतं. चैतन्य ताम्हाणेचा तो सिनेमा मी 2015 साली बघितला आणि बाहेर पडल्या पडल्या चार लोकांना ठासून सांगितलं की याला दोन शेवट आहेत. सुट्टी लागते, न्यायालयाच्या हॉलमधले दिवे विझतात, पडदा काळा होतो. मी तर पर्स उचलली होती! आणि मग पुन्हा उजाडतं, न्यायाधीश कुटुंबकबिल्यासह सहलीला आलेले. ‘मी असते तर दिव्यांवर कापला असता,’ हे माझं वाक्य. दोन-तीन वर्षांनी, दुसऱ्याच एका कामात असाच पेच पडला म्हणून मी तो शेवट पुन्हा काढून बघितला. नातेवाइकाचं पोर बोलत नाही, तर त्याच्यासाठी अंकशास्त्र आणि खड्याची अंगठी सुचवणारा हा गृहस्थ. मग बाकावर डुलकी, मुलं ओरडून दचकवतात, तो एकाला थोबाडीत देतो आणि पुन्हा डोळे मिटतो. अख्खा सिनेमाभर मी उंचावरची एक खुर्ची बघत होते, आणि शेवटी कळलं की खुर्चीत कोण बसतं. दिव्यांवर कापला असता तर शाहीर नारायण कांबळेच्या खटल्याची ती एक दुःखद गोष्ट झाली असती, आणि आम्ही सगळे हळहळून घरी गेलो असतो. पहिल्या वेळी मला जे खटकलं ती जागा बरोबर होती, त्याचा लावलेला अर्थ चूक होता. वहीत ‘पर्स उचलली, मग पुन्हा बसले’ असं लिहिलेलं होतं म्हणून तर मी परत तिथेच गेले. नुसतं ‘शेवट फसलाय’ लिहिलं असतं तर गेलेही नसते.

तेव्हा मागच्या तीन शेऱ्यांचं काय करायचं, हे विचारलंत म्हणून. ‘स्थळ’ आणि ‘साबर बोंडं’ तुम्ही थिएटरात अखंड बघितलेत, त्यांच्या तीन-तीन जागा आत्ताही आठवतील. आज रात्री लिहून काढा, परीक्षण न उघडता. आठवल्या नाहीत तर तेही लिहा. पहिल्या सिनेमाबद्दल मात्र सध्या काही लिहू नका. येत्या रविवारी दुपारी पडदे ओढून टीव्हीवर लावा, फोन आतल्या खोलीत ठेवा. आणि आईला शेजारी बसवा, स्वयंपाकघराच्या दारात उभं नका करू.